हिरडी शिवायची की उघडी ठेवायची?

दाढ गेली, जागा रिकामी राहिली आणि तिथे इम्प्लांट बसवायचं ठरलं, की दोन दवाखान्यांत दोन वेळापत्रकं ऐकायला मिळतात. एक डॉक्टर म्हणतात, स्क्रू बसवून वरून हिरडी शिवून टाकू, काही महिन्यांनी पुन्हा उघडू, मग कॅप. दुसरे म्हणतात, पुन्हा उघडायचं कामच नाही, पहिल्याच दिवशी हिरडीबाहेर छोटी टोपी ठेवू. पेशंटला वाटतं, दोघांतला एक नक्की चुकतोय. बहुतेक वेळा तसं नसतं.

शिवण्याची पद्धत स्वीडनची. पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ मध्ये लुंड इथे सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह टायटॅनियमच्या नळीतून पाहत होते. काम झाल्यावर नळी काढायला गेले तर निघेना. हाडाने ती आपलीशी केली होती. १९६५ साली गोथेनबर्गमध्ये त्यांनी योस्ता लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. त्यावरचे दात लार्सन यांना २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं साथ देत राहिले. ब्रोनेमार्क यांचा नियम कडक होता. तोंड जंतूंनी भरलेलं, जेवताना दाब येणार, म्हणून स्क्रू हिरडीखाली झाकायचा. खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्या जबड्यात सहा महिने थांबायचं, कारण वरचं हाड जास्त पोकळ, भुसभुशीत. मग दुसरी शस्त्रक्रिया करून हिरडी उघडायची. त्या काळात ही सावधगिरी योग्यच होती.

स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातले आंद्रे श्रोडर यांनी सत्तरच्या दशकात वेगळी वाट धरली. त्यांच्या इम्प्लांटचा वरचा भाग पहिल्याच दिवसापासून हिरडीबाहेर राहायचा आणि जखम त्याच्याभोवती भरायची. तरीही हाड धातूला चिकटून वाढत होतं. पुढे दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या आणि इम्प्लांट टिकण्याच्या बाबतीत ठळक फरक दिसला नाही. उघड्या पद्धतीत एक शस्त्रक्रिया, एकदाची भूल आणि एकदाचे टाके वाचतात. सरळसाध्या केसमध्ये मला तरी हाच मार्ग पटतो.

मग झाकण्याची पद्धत बाद झाली का? नाही. हाड कमी पडलं म्हणून हाडाची पूड आणि पडदा घालावा लागला, तर वर हिरडीचं पांघरूण हवंच, नाहीतर पूड उघडी पडून जंतुसंसर्ग होतो. रुग्ण मधल्या काळात काढता-घालता येणारी कवळी वापरणार असेल, तर उघड्या टोपीवर प्रत्येक घासाला दाब येतो. स्क्रू बसवताना घट्ट पकडच मिळाली नाही, तरीही झाकून ठेवणं शहाणपणाचं.

ही पकड समजून घेण्यासारखी आहे. बसवल्या दिवशी स्क्रू जुन्या हाडात नुसता घट्ट रुतलेला असतो. मग शरीर दुखावलेलं हाड खरवडून काढतं आणि त्याजागी नवं घालतं. जुनी पकड कमी झालेली आणि नवी अजून पुरती न आलेली, अशी अवस्था साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. दुखणं थांबलेलं असतं, म्हणून माणूस नेमका तेव्हाच त्या बाजूने चावायला लागतो. स्क्रू मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा थोडा जास्त जरी वारंवार हलला, तरी त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर तयार होण्याचा धोका असतो. तसं झालं तर तो स्क्रू काढावाच लागतो. हिरडी शिवलेली असो वा उघडी, स्क्रू स्थिर राहणं महत्त्वाचं.

‘एका दिवसात दात’ ही जाहिरात म्हणूनच नीट वाचावी. स्क्रू साधारण ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर ताकदीने घट्ट बसला, तर त्याच दिवशी दात लावता येतो, पण तो बहुधा तात्पुरता असतो आणि एकट्या दाताच्या बाबतीत समोरच्या दाताला टेकू न देता ठेवलेला असतो. आजच्या खरबरीत पृष्ठभागांमुळे थांबण्याचा काळ अनेकांच्या बाबतीत सहा ते आठ आठवड्यांवर आला, ही मोठी सुधारणा आहे. पण हाड भरायला वेळ लागतोच, त्यातून कुणाची सुटका नाही.

सिगारेट ओढणाऱ्यांत आणि साखर ताब्यात नसलेल्यांत बरं होणं मंदावतं. तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर तीही डॉक्टरांपासून लपवू नये. उघड्या टोपीभोवती अन्न अडकतं. तिथे मऊ ब्रश आणि डॉक्टरांनी दिलेलं माउथवॉश रोज वापरायलाच हवं. हे जमणार नसेल तर डॉक्टरांना आधीच तसं सांगा.

आणि खुर्चीत बसण्याआधी तीन प्रश्न विचारा: माझी हिरडी शिवणार की उघडी ठेवणार, का, आणि त्या बाजूने किती आठवडे चावायचं नाही?