डाग धावतो तेव्हा

सकाळी ७. शाळेमागची पत्र्याची शेड उघडते. आधी खिडक्या, मग पंखा, मग गॅस. नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का पाहते. वाळूची बादली भरलेली आहे ना, तेही रोज बघायचं. मग ऐरण पुसते. एका सोनारकाकांनी पुण्यातलं दुकान बंद करताना ती आम्हाला दिली. तिची मधली बाजू घासून आरशासारखी झाली आहे.

७.३०. बोहरी आळीतून आणलेल्या तांब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून ठेवते. पालक विचारतात, मुलं चांदी कधी घडवणार? वर्षाच्या शेवटी, एकदाच. तोवर तांबंच. ठोकून कडक झालं की लालसर होईपर्यंत ताव द्या, पाण्यात टाका, पुन्हा नरम. शिकणाऱ्या हाताला याहून चांगला धातू मला माहीत नाही.

८.००. नववीचा जोडतास. पंधरा मुलं, दोन टॉर्च. केस बांधलेले, डोळ्यांवर गॉगल, अंगात सुती अ‍ॅप्रन. यात सूट कुणालाच नाही. आज अंगठी. फळ्यावर हिशेब मांडते : आतला व्यास १७ मिलिमीटर, पत्र्याची जाडी दीड, दोन्हींची बेरीज गुणिले ३.१४. पट्टी हवी ५८.१ मिलिमीटर. एका मुलीनं जाडी धरलीच नाही आणि ५३.४ वर कापली. पट्टी वळवल्यावर अंगठी बोटाच्या पेरावर अडली. ‘बाई, मी तर नीट मोजलं होतं!’ मोजलं नीटच होतं, पण वाकवलेल्या पत्र्यालाही जाडी असते हे तिला आता बोटानं सांगितलं. ती अंगठी तिनं धाकट्या बहिणीसाठी ठेवली आणि दुसरी पट्टी मागायला आली.

८.४०. आता डाग द्यायचा, म्हणजे पट्टीचा सांधा जोडायचा. दिवसातली ही वेळ मला सगळ्यांत प्रिय. दोन्ही टोकं कानशीनं इतकी जुळवायची की खिडकीसमोर धरल्यावर सांध्यातून उजेड दिसू नये. फट असेल तर डाग ती भरून काढत नाही, हे दहादा सांगावं लागतं. मग टांकणखाराचा लेप, सांध्यावर चांदीच्या डागाचा बारीक तुकडा, आणि ज्योत.

मुलं ज्योत थेट तुकड्यावर धरतात. तुकडा वितळून गोळी होते आणि जागीच बसते. ‘अरे, डागाला नको, अंगठीला तापव. सगळीकडून!’ आधी खार फुगून पांढरा होतो, मग काचेसारखा पारदर्शक. तांबं काळवंडतं, मंद लाल होतं. आणि एका क्षणी सांध्यातून चकचकीत रेघ सर्रकन धावत जाते. जिकडे उष्णता, तिकडे डाग. तेवढा वेळ मी हात पाठीमागे बांधून उभी राहते. मुलाच्या हातून टॉर्च घेऊन काम पुरं करण्याचा मोह मला अजून होतो. पण ती रेघ ज्याची त्यानंच धाववायला हवी.

डाग दिल्यावर काळवंडलेलं काम लिंबूसत्वाच्या पाण्यात साफ होतं. आज एकानं त्यात लोखंडी चिमटा बुडवला. तिथं पडलेली पितळी पदकं तांबूस झाली. आधीच्या कामांतून पाण्यात उतरलेलं तांबं लोखंडामुळे पितळेवर बसलं. मी ओरडले नाही. पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया पोरांसमोर घडली होती. तीच समजावली आणि तांब्याचा चिमटा दोरीनं भांड्यालाच बांधून टाकला.

११.००. आठवी. फक्त हातोडी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. त्यांतला एक आम्ही कसबा पेठेतल्या तांबट आळीत काढला. मठारकामाचे घाव एकसारखे, शेजारी शेजारी कसे पडतात ते मुलांनी तिथं पाहिलं. आज स्वतःच्या वाटीवर ठोकताना सगळी गप्प आहेत.

२.००. कानशी झाडणं, पाती मोजणं, कातरण डब्यात.

३.३०. प्रदर्शनाची बैठक. ‘वस्तू जरा सफाईदार करून द्या’ अशी सूचना आली. मी नाही म्हटलं. वाकडा सांधा त्या मुलाचा आहे, तो तसाच मांडला जाईल. मागितलं एवढंच, की जोडतास मोडू नका. पस्तीस मिनिटांच्या तासात अवजारं काढून परत ठेवण्यातच निम्मा वेळ जातो, ज्योत पेटवायला उसंत राहत नाही.

५.००. गॅस बंद, पुन्हा एकदा हात लावून बंद. अंगठीवाली मुलगी दारात उभी. दुसरी बसली होती.

तुमच्या घरी आजोबांची ऐरण, जंतरपट्टी, जुन्या कानशी माळ्यावर पडल्या असतील तर भंगारात घालू नका. जवळच्या शाळेत एकदा विचारून बघा.