नियम आधी अध्यक्षताईंना

गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि चोख हिशेब. मोठ्या कंपन्यांत, बँकांतही अशीच नियमावली असते. ती पाळली जाते की नाही हे पाहायला लेखापरीक्षक असतात, समित्या असतात. तरीही पैसा बुडतो. तो का बुडतो, ते आज बघू.

मुंबईची पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक, म्हणजे पीएमसी बँक. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. सुरुवातीला तर खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते. आयुष्यभराची पुंजी बँकेत आणि हातात हजार रुपये!

झालं होतं असं, की बँकेच्या एकूण कर्जापैकी सुमारे ७० टक्के कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकलं होतं. ते झाकायला २१ हजारांहून जास्त खोटी कर्जखाती दाखवल्याचं तपासात पुढे आलं. एकाला किती कर्ज द्यायचं याचा नियम होता, लेखापरीक्षणही होत होतं. पण लपवालपवी वरूनच झाली होती. व्यवस्थापकीय संचालकांनीच रिझर्व्ह बँकेला पत्र लिहून तशी कबुली दिली. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

याउलट, २००१ च्या सुमारास टाटा फायनान्समध्ये गैरव्यवहार उघडकीस आला, तेव्हा टाटा समूहाने तो झाकला नाही. पोलिसांत तक्रार केली आणि ठेवीदारांचा पैसा बुडू दिला नाही.

आपल्याकडेही हेच लागू आहे. एका गटात अध्यक्षताईंचेच ३ हप्ते थकले. त्यांना विचारायची कुणाची हिंमत होईना. पुढच्या महिन्यात आणखी दोघींनी हप्ता भरला नाही. म्हणाल्या, "ताईच भरत नाहीत, मग आम्हीच का?" शेवटी ताईंनी बैठकीत उभं राहून स्वतःची थकबाकी सांगितली आणि दंडासह भरली. त्यानंतर वसुलीसाठी कुणाच्या दारात जावं लागलं नाही.

म्हणून मेडशीतल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या गटांनी चार गोष्टी कराव्यात.

बैठकीत अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांचं कर्ज आणि थकबाकी सगळ्यात आधी वाचावी.

पासबुक दर महिन्याला भरून आणावं आणि सगळ्यांच्या हातून फिरवावं.

कोऱ्या चेकवर किंवा पैसे काढायच्या कोऱ्या पावतीवर कधीही सही करू नये, मागणारी कितीही जवळची असली तरी.

ठरलेल्या मुदतीनंतर पदाधिकारी बदलावेत.

आणि अध्यक्षताई, तुम्हाला एक सांगते. कुणी हिशेब विचारला तर राग मानू नका. ती तुमच्यावर संशय घेत नाही, गटाचा पैसा राखते आहे.