आधी प्रमाण, मग चित्रे

आपल्या घरी शाळेत जाणारे मूल असेल, तर त्याच्या गणिताच्या पुस्तकातला चित्रालेख जरा काढून पाहा. डावीकडे गावांची नावे, आणि प्रत्येकापुढे पोत्यांची चित्रे. मूल भराभर मोजते आणि म्हणते, "या गावात पाच पोती!" गफलत होते ती इथेच. वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते : १ चित्र = १० पोती. म्हणजे पाच चित्रांची झाली ५०. शेवटी अर्धे चित्र असेल, तर आणखी ५.

दुसरी फसगत डोळ्यांची. दुप्पट धान्य दाखवायला कुणी एकच पोते दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढले, तर कागदावर ते चौपट जागा व्यापते. आकडा खरा, पण समजूत खोटी! म्हणूनच व्हिएन्नाच्या ऑटो न्यूराथ यांनी १९२५ नंतर आपल्या संग्रहालयातल्या तक्त्यांत एक नियम पाळला : चित्र मोठे करायचे नाही, चित्रांची संख्या वाढवायची.

तेव्हा वर्तमानपत्रात असा आलेख दिसला, की मुलाला जवळ बसवा आणि विचारा, "बाळ, एका चित्राचे किती? आणि सगळी चित्रे सारखीच आहेत ना?" एवढे दोन प्रश्न त्याला मोठेपणीही पुरतील.