जुनी वेबली, नवी गोळी

इंदापूरहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. वारलेल्या आजोबांच्या लायसन्सवर .४५५ बोअरचं वेबली रिव्हॉल्व्हर आहे. त्याची काडतुसं मिळत नाहीत. बारामतीत कुणीतरी म्हणालं, "सिलिंडर मागून घासून देतो, .४५ एसीपी बसेल. शिवाय असा पीस रेअर, अगदी प्रोटोटाइपसारखा." करून घेऊ का?

अजिबात नको.

गोळी बसते, हे खरंय. वेबली मार्क सहा १९१५ साली ब्रिटिश सैन्यात आली. युद्धानंतर शिलकी माल अमेरिकेत गेला, तेव्हा तिकडे हाच उद्योग भरपूर झाला. पण .४५५ च्या काडतुसाचा दाब साधारण १३,००० पौंड प्रति चौरस इंच, आणि .४५ एसीपीचा कमाल दाब २१,०००. म्हणजे दीडपटीहून जास्त. त्यात पोलाद शंभर वर्षांचं. पहिल्या गोळीला काही होत नाही, दहाव्यालाही होत नाही, आणि माणसाला वाटतं जमलं! आतली बारीक चीर कुणाला दिसते? सिलिंडर फुटतो तो हातात, डोळ्यांसमोर.

आता 'रेअर'चं बघू. प्रोटोटाइप म्हणजे कारखान्याने किंवा संशोधकाने कल्पना तपासायला बनवलेला नमुना. जॉर्ज फॉस्बेरी हा हिंदुस्थानात लढलेला ब्रिटिश अधिकारी. गोळीच्या धक्क्याने आपोआप घोडा चढवणारं रिव्हॉल्व्हर त्याने आधी कोल्टवर करून पाहिलं, १८९५ ला पेटंट घेतलं, मग वेबलीने ते बाजारात आणलं. ब्रिटनमध्ये विक्रीआधी प्रत्येक हत्यार प्रूफ हाऊसमध्ये जातं. तिथे मुद्दाम जास्त दाबाचं काडतूस उडवतात, टिकलं तरच शिक्का. घासलेल्या वेबलीवर शिक्का जुनाच, जुन्या दाबाचा. जाणकार संग्राहक तर असा पीस कमी भावात मागतो.

बोअर बदलताच येत नाही असं नाही. साठच्या दशकात आपल्या ईशापूर कारखान्याने .३०३ च्या धर्तीवर ७.६२ ची रायफल काढली, पण त्यासाठी पोलादच बदललं, मॅगझीनही नवं. लेथवरच्या एका दुपारचं ते काम नव्हे.

आणि कायदा? शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५: परवान्याशिवाय हत्याराचं रूपांतर गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आपल्याकडे "लायसन्सवालं आहे की" म्हणून लोक निर्धास्त असतात. अरे, लायसन्स आजोबांचं होतं, तुझं नाही!

तर मित्रा, आधी ते कपाटातून बाहेर काढ. म्हणजे चालवायला नव्हे हां! कलम २१ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा कर. वारस म्हणून स्वतःचा परवाना हवा असेल, तर इंदापूर-बारामतीचे अर्ज पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जातात. जमा करताना पावती घे, त्यावर हत्याराचा नंबर नीट लिहिलाय ना ते तिथेच बघ.