मेंदूला होणारी इजा : कारणे व प्रकार

प्रौढ मनुष्याच्या मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम २ टक्के असते. परंतु शरीर विश्रांत असताना एकूण प्राणवायूपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. हा पुरवठा चार-पाच मिनिटे खंडित झाल्यास मेंदूतील पेशी मरू लागतात, व त्वचेप्रमाणे त्या पुन्हा भरून येत नाहीत. जन्मताच वेळेवर न रडलेल्या बालकाच्या मेंदूस इजा होण्याची भीती असते ती याच कारणाने.

बाहेरून होणारी इजा शिक्षकांच्या नित्य पाहण्यातील आहे. बैलगाडीवरून किंवा चिंचेच्या झाडावरून मूल पडते, थोडे रडते आणि पुन्हा खेळू लागते. कवटीस तडा नसला तरी आत रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. रक्त हळूहळू साचते, आणि काही तासांनी ओकारी, वाढती डोकेदुखी, गुंगी व दोन्ही बाहुल्यांचा लहानमोठेपणा दिसू लागतो. असे मूल ‘झोपू द्या, बरे वाटेल’ म्हणून घरी पाठविणे घातक होय. इजा सौम्य असली तरी काही आठवडे मूल चिडखोर व विसरभोळे होते. पाढे येणारा मुलगा अडखळतो. त्यास आळशी ठरविण्यापूर्वी तो कोठे पडला होता काय, याची चौकशी करावी. कानशिलावर चापट मारणे तर सर्वथा वर्ज्य आहे; २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस बंदीच घातली आहे.

तापाने होणारी इजा निराळी. मेंदूज्वरास कारण होणाऱ्या ‘चांदीपुरा’ विषाणूस नाव मिळाले ते नागपूर जिल्ह्यातील गावावरून. तेथे तो १९६५ मध्ये प्रथम आढळला. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वालुमाशी तो पसरविते. ताप, ओकारी, झटके व बेशुद्धी असा क्रम काही तासांतच पूर्ण होऊ शकतो. झटके आलेल्या मुलास कांदा किंवा चप्पल हुंगविण्यात वेळ दवडला जातो. त्यास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, पाणीही पाजू नये.

यवतमाळकरांस विसरता न येणारे कारण म्हणजे फवारणी. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने रुग्णालयांत दाखल झाले आणि जिल्ह्यात वीसांहून अधिक मृत्युमुखी पडले. नसांकडून स्नायूंकडे निरोप नेणारे एक द्रव्य शरीरात असते, व काम होताच त्याचे विघटन करणारे विकरही असते. फॉस्फरसयुक्त कीटकनाशके त्या विकरासच निकामी करतात. मग लाळ व घाम सुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वासाचे स्नायू थकतात आणि मेंदूचा प्राणवायू तुटतो. हे विष त्वचेतूनही शिरते. बोलीत त्यास ‘औषध’ म्हणतात, हीच मोठी दिशाभूल आहे. मुलांस ‘विष’ हाच शब्द शिकवावा.

फवारणीच्या दिवसांत शेतावरून आलेल्या मुलास अशी लक्षणे दिसल्यास कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व शक्य तर डब्यावरील चिठ्ठी सोबत पाठवावी. कोणते विष आहे हे कळल्याशिवाय डॉक्टरांस योग्य उतारा ठरविणे कठीण जाते.