शेळ्यांच्या वाड्याचं दार : आत की बाहेर?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

शेळ्यांसाठी वाडा बांधायचा ठरला, की पत्रे किती लागतील, खांब किती, गव्हाण कुठे घ्यायची, यावर घरात चार दिवस बोलणं होतं. दाराचं मात्र कोणी बोलत नाही. वेल्डिंगवाला ज्या बाजूला बिजागरी लावून देईल, त्या बाजूला ते उघडतं. वाशिम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावात शेळी म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याचा आणि मजुराचा अडीनडीचा पैसा. दार चुकीच्या बाजूला उघडत असेल, तर हाच पैसा जातो. म्हणून आज एवढ्याशा वाटणाऱ्या विषयावर थोडं सविस्तर बोलायचं आहे.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. तुराट्यांची किंवा बांबूची ताटी असायची. ती उचलायची आणि बाजूला ठेवायची; आत-बाहेर असं काही नसायचं. लोखंडी फाटक आलं, त्याला बिजागरी आली, आणि दाराला एक बाजू निवडावी लागली.

दार कसं उघडावं हे ठरवताना एकच गोष्ट आधी पाहावी : त्या दारावर जोराचा धक्का कोणत्या बाजूने बसणार आहे? दार आत उघडत असेल, तर आतल्या शेळ्यांनी कितीही रेटलं तरी ते चौकटीवर अधिकच घट्ट बसतं. पण बाहेरून कोणी ढकललं, तर सगळा भार एका कडीवर येतो. बाहेर उघडणाऱ्या दाराचं नेमकं उलटं. बाहेरून ढकललं की ते चौकटीला टेकतं आणि आतला रेटा कडीवर पडतो. म्हणजे कोणतंही दार दोन्हीकडून सारखं भक्कम नसतं.

आता रात्रीच्या निवाऱ्याचा विचार करू. रात्री भीती बाहेरून असते. तालुक्याच्या उत्तरेला काटेपूर्णा अभयारण्य आहे, अकोला आणि वाशिम अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. बिबट्याचं सोडा, गावातली मोकाट कुत्रीसुद्धा दाराला अंग लावून पाहतात. बाहेर उघडणारं दार त्यांच्या रेट्याने आणखी बंद होतं. अर्थात वरून उघड्या वाड्यात बिबट्या दाराकडे बघणारही नाही, भिंतीवरूनच उतरेल. वर पत्रा किंवा जाळी नसेल, तर जनावरापासून बचाव म्हणून दाराची चर्चा फोल आहे.

दुसरा मुद्दा जागेचा. रोजगार हमीतून गोठे-शेड बांधून देणारी शरद पवार ग्रामसमृद्धी योजना २०२१ मध्ये आली. तिच्यात दहा शेळ्यांच्या शेडचं माप ३.७५ मीटर लांब आणि २ मीटर रुंद, म्हणजे साडेसात चौरस मीटर धरलेलं आहे. एका शेळीच्या वाट्याला पाऊण चौरस मीटर आला. या शेडला तीन फुटांचं दार आत उघडणारं लावलं, तर ते फिरायला सुमारे ०.६६ चौरस मीटर जागा मोकळी लागते. जवळजवळ एका शेळीची जागा दारानेच खाल्ली! आणि शेळ्या ती जागा मोकळी ठेवत नाहीत. सकाळी मालकाची चाहूल लागली की सगळा कळप दाराशीच गोळा होतो. तुम्ही दार आत लोटता, तेव्हा लोखंडाची कड कोणाच्या तरी पोटाला लागते. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. शेवटच्या दीड महिन्यात असा मार बसला, तर गाभ पडू शकतो. करडं दार आणि भिंत यांच्या सापटीत चेंगरतात, ते वेगळंच.

त्यात लेंड्या. महिनाभर शेड झाडली नाही की लेंड्या आणि उरलेला पाला यांचा थर चढतो आणि आत उघडणारं दार त्यात रुततं. मग लोक दार जमिनीपासून चार-सहा बोटं वर उचलून लावतात, आणि त्या फटीतून करडू बाहेर आणि कुत्र्याचं तोंड आत. बाहेर उघडणाऱ्या दाराखाली मात्र उंबरा घेता येतो. दार त्यालाच टेकतं, फट राहत नाही.

आणि आग. उन्हाळ्यात शेडजवळ कुटाराचे ढीग, पऱ्हाट्यांच्या गंजी असतात. ठिणगी पडायचा अवकाश! भेदरलेला कळप दाराला चिकटतो. दार आत उघडणारं असेल, तर तुम्ही कडी काढली तरी त्या रेट्याविरुद्ध ते लोटता येत नाही. माणसांच्या बाबतीत जगाने हा धडा फार महागात घेतला आहे. १९०३ च्या डिसेंबरात शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहाला आग लागली आणि सहाशेवर माणसं गेली. तिथली काही दारं आत उघडणारी होती, गर्दी त्यांच्यावर रेटली गेली. नंतर सार्वजनिक इमारतींची दारं बाहेर उघडावीत असे नियम झाले. शेळ्यांच्या शेडला असा नियम कोण करणार? तो आपणच करायचा.

मग सगळे आत उघडणारं दार का पसंत करतात? त्यालाही कारण आहे, आणि ते बहुतेक बायकांना ठाऊक असतं, कारण शेळ्यांचं त्याच करतात. डोक्यावर पाल्याचा भारा, हातात बादली. आत उघडणारं दार कमरेने लोटता येतं आणि फटीत स्वतः उभं राहून शेळ्या अडवता येतात. बाहेर उघडणाऱ्या दाराला मागे सरावं लागतं, तेवढ्यात दोन शेळ्या शेजारच्या तुरीत. ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे चारा-पाण्यासाठी दार उघडायचंच नाही. गव्हाण आणि पाण्याचं टाकं कडेला असं घ्या, की बाहेरूनच भरता येईल.

शेडपुढच्या मोकळ्या आवाराचं फाटक मात्र आतच उघडावं. तिथे दिवसा धक्का आतून असतो, जागा भरपूर असते, आणि फाटक गल्लीत उघडलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला लागतं, शेजाऱ्याशी कुरबुर होते ती वेगळी. आवार असं बंद असलं, की सकाळी शेडचं दार उघडताना एखादी शेळी निसटली तरी ती आवारातच राहते.

वेल्डिंगवाल्याला काय सांगायचं? शेडच्या दाराला आतला रेटा कडीवर येतो, म्हणून बाहेरून दोन अडसर हवेत, एक वर आणि एक गुडघ्याएवढ्या उंचीवर. नाहीतर खालचा कोपरा वाकतो आणि करडं निसटतात. अडसराला खिट्टी हवी, शेळी ओठांनी साधी कडी सहज सरकवते. बिजागरीची खालची खुंटी वर तोंड करून आणि वरची खाली तोंड करून लावावी, म्हणजे शिंगाने उचलून किंवा चोराने उपसून दार निघत नाही. गज उभे घ्यावेत; आडव्या पट्ट्यांची शेळी शिडी करते. रुंदी तीन फुटांहून कमी नको, चार जमली तर दोन गाभण शेळ्या एकमेकींना न घासता निघतात.

आपल्या काळ्या मातीचं एक सांगायचं राहिलं. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दाराचा खांब दरवर्षी थोडा कलतो. खड्डा अडीच-तीन फूट घेऊन मुरूम-काँक्रीटने भरावा, आणि मृगाच्या आधी एकदा दार पूर्ण उघडून, मिटून पाहावं. अडसर भोकात नीट बसत नसेल, तर खांब हलला आहे.