ला क्लेफचे खरेदीखत

चित्रपटगृह बंद पडू लागले की हळहळणारे पुष्कळ असतात आणि सह्यांचे अर्जही निघतात; परंतु ज्या इमारतीत ते नांदते तिच्या मालकीचा प्रश्न कोणी हाती घेतल्याखेरीज त्या हळहळीस फळ येत नाही, हे पॅरिसमधील ‘ला क्लेफ’ या चिमुकल्या चित्रगृहाच्या कैवाऱ्यांनी जितक्या स्पष्टपणे ओळखले तितके क्वचितच कोणी ओळखले असेल.

शहराच्या पाचव्या विभागात 1973 मध्ये उघडलेले आणि आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिका येथील, अन्यत्र पडदा न लाभणाऱ्या चित्रपटांना आश्रय देणारे हे गृह एका बचत बँकेच्या कर्मचारी-समितीच्या मालकीचे होते. समितीने मिळकत विकावयास काढली व 2018 मध्ये खेळ थांबले. तेव्हा सप्टेंबर 2019 मध्ये चित्रपटप्रेमी, विद्यार्थी आणि आसपासचे रहिवासी यांनी इमारतीचा कब्जाच घेतला, आणि कायद्याच्या दृष्टीने बेकायदा असलेल्या त्या वहिवाटीत त्यांनी जी शिस्त पाळली ती अनेक परवानाधारकांस लाजविणारी होती: खेळ नियमितपणे होत, चित्रपटांची निवड सर्वजण मिळून करीत, आणि प्रवेशमूल्य प्रेक्षकाने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावे असा रिवाज होता. 2020 च्या टाळेबंदीत तर त्यांनी बाहेरच्या भिंतीवरच चित्रपट दाखविले, आणि शेजाऱ्यांनी ते आपापल्या खिडक्यांतून पाहिले.

1 मार्च 2022 रोजी पोलिसांनी त्यांस बाहेर काढले.

कब्जा गेला, पण मंडळी पांगली नाहीत. फ्रान्समध्ये 2008 च्या कायद्याने लोकहितार्थ दाननिधी स्थापण्याची सोय झाली आहे. अशा निधीस भागधारक नसतात, म्हणून त्याच्या मिळकतीवर कोणास खाजगी नफा उचलता येत नाही. असा निधी त्यांनी उभारला, हजारो लोकांकडून देणग्या मिळविल्या, कलावंतांनी दिलेल्या कलाकृती विकल्या, मार्टिन स्कॉर्सेसी यांच्यासारख्या दिग्दर्शकाचा पाठिंबा संपादिला, आणि जून 2024 मध्ये सुमारे 27 लाख युरो मोजून तीच इमारत रीतसर खरेदी केली. मालकी निधीकडे आणि कारभार चित्रगृह चालविणाऱ्या मंडळींकडे, ही विभागणी मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण उद्या कार्यकर्ते थकले, बदलले वा आपसांत भांडले, तरी वास्तू बाजारात जाण्याचे भय राहत नाही.

आपल्या गावचे टॉकीज बंद होणार अशी वार्ता कानी आली, तर वाचकांनी सह्या जरूर गोळा कराव्या; मात्र त्याआधी मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचे आहे, हे पाहून यावे.